विधवा प्रथा बंदीचा ठराव ग्रामसभेत मांडायचाय, पण सगळं 'धर्मात हात घालू नका' वर येऊन अडलंय

माणदेशी_सून

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावची ग्रामपंचायत सदस्य आहे, महिला राखीव जागेवरून निवडून आलेय, पहिलीच टर्म. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मला हेरवाडसारखा ठराव मांडायचाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हेरवाड म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं गाव, त्यांनी मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्याने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसंच करायचं आवाहन केलं. आमच्याकडे ते परिपत्रक आलं असणारच पण कुणी वाचून दाखवल्याचं मला तरी आठवत नाही.

आता विषय का काढला तर मागच्या वर्षी आमच्या भावकीतली एक पोरगी विधवा झाली, वय पंचविशीच्या आत, पदरात लहान मूल. दहाव्याला नदीवर तिच्या बांगड्या फोडल्या तेव्हा एक काच मनगटात गेली आणि तिला ओरडायचंही भान नव्हतं. फोडणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या हो, त्यातल्या दोघी स्वतः विधवा होत्या, रडत रडत करत होत्या, 'करावं लागतं गं बाई' म्हणत होत्या. तेव्हाच मी ठरवलं की हा विषय आणायचा.

पण गेल्या महिन्यात सप्ताहाच्या मीटिंगला सहज बोलून बघितलं तर वातावरण एकदम तापलं. गावातले एक महाराज, ज्यांना मी लहानपणापासून मानते, ते म्हणाले ताई शास्त्रात ढवळाढवळ करू नका. एक जण म्हणाला आधी त्यांच्या लोकांचं बघा मग आमच्याकडे या. तरुण पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कुणीतरी टाकलं की धार्मिक भावना दुखावल्या म्हणून तक्रार करू. आणि सगळ्यात जास्त विरोध बायकांचा, त्या म्हणतात उद्या कायतरी वाईट झालं घरात तर कुणाला बोलायचं.

माझे प्रश्न असे की मी हे धर्माच्या बाजूनेच बोलावं का संविधान, स्त्री-पुरुष समानता वगैरे बोलावं? मी स्वतः देवभक्त आहे, एकादशी धरते, माळ आहे गळ्यात, मला धर्माविरुद्ध काही म्हणायचंच नाहीये. दुसरं म्हणजे तक्रारीची भीती कितपत खरी? आणि ज्यांच्या गावात असा ठराव झालाय त्यांनी प्लीज सांगा पुढे काय झालं. कुणी 'लोक अडाणी आहेत' टाईप उत्तर देऊ नका, ती माझी माणसं आहेत.

---

पंचगंगेच्या_काठानं

ताई आधी तुमचं अभिनंदन, सप्ताहाच्या मीटिंगला हा विषय काढायला धाडस लागतं.

मी शिरोळच्या शेजारच्या तालुक्यातला. हेरवाडनंतर आमच्याकडं बऱ्याच गावांनी ठराव केले, ते साल शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं होतं, महाराज ६ मे १९२२ ला गेले त्याला शंभर वर्षं झाली होती आणि कोल्हापुरात त्या नावाला वजन आहे, त्यांनी १९१७ मध्येच संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. त्यामुळं ठरावाला कुणी उघड विरोध केला नाही. दुसरं कारण कोविड. दोन वर्षांत गावोगाव तिशीतल्या चाळिशीतल्या बायका एकदम विधवा झाल्या होत्या, प्रत्येक भावकीत एखादी तरी, म्हणून लोकांची मनं तेव्हा जरा हलली होती.

पण खरं सांगतो, आमच्या गावात ठराव झाला, टाळ्या झाल्या, पेपरला फोटो आला आणि त्यानंतर पहिलं मयत झालं तेव्हा सगळं पूर्वीसारखंच झालं. का, तर मयताच्या घरात निर्णय घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नसतं. तिथं जी म्हातारी पुढं होईल ती सांगेल तसं होतं, आणि ती म्हातारी ग्रामसभेला आलेलीच नसते. सरपंच पुरुष, ठराव मांडणारे पुरुष, आणि चुडा फोडायची वेळ येते तेव्हा तिथं सगळ्या बायका, पुरुष लांब उभे. म्हणजे ज्यांच्या हातात ती गोष्ट आहे त्यांच्याशी कुणी बोललेलंच नव्हतं.

नंतर आमच्या शाळेतल्या एका बाईंनी वेगळं केलं. गावात ज्या पाचसहा जणी दर मयताला पुढं असतात, त्यांच्या घरी एकेकटीकडं गेल्या, चहा घेतला, त्यांच्या वेळी काय झालं होतं ते विचारलं. एक म्हातारी तर पन्नास वर्षात पहिल्यांदा बोलली म्हणे त्यावर. पुढच्या वेळी तीच आडवी उभी राहिली, 'ऱ्हाऊ दे तिच्या हातात' म्हणाली, विषय संपला. तिच्यापुढं कोण बोलणार.

अजून एक. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे, ज्यांनी ही मोहीम सुरू केली, त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं की माझ्या मृत्यूनंतर माझ्या बायकोवर या प्रथा लादू नयेत. हे आमच्याकडं लई कामाला आलं. जित्या माणसानं आधीच लिहून ठेवलं की 'मेलेल्याच्या आत्म्याला शांती मिळणार नाही' हा मुद्दाच उरत नाही, कारण त्याचीच तशी इच्छा हाय. आमच्यात काही जणांनी शंभराच्या स्टँपवर केलं, काहींनी नुसतं घरात सांगून ठेवलं, दोन्ही चालतं. गावातल्या चार प्रतिष्ठित पुरुषांना हे करायला लावा. ठरावापेक्षा त्याची चर्चा जास्त होती.

---

नामदेव_पायरी

माणदेशी ताई, मी वारकरी आहे, वय झालंय, मुलाने फोनवर मराठी टायपिंग शिकवलंय त्यामुळे चुका सांभाळून घ्या. मी तुमच्या ठरावाच्या विरोधात आहे आणि का ते नीट सांगतो, मला शिवीगाळ करणाऱ्यांतला समजू नका.

काच मनगटात गेली हे वाचून वाईट वाटलं, तसं कुणाशी होऊ नये. पण घरातल्या दुःखाच्या वेळी कसं वागायचं हे ग्रामसभेने का ठरवावं? ग्रामसभेने पाणी बघावं, रस्ता बघावा. आज कुंकवाचा ठराव होतोय, उद्या दहावं तेरावं किती दिवसांचं करायचं याचा ठराव होईल, परवा सप्ताहाला वर्गणी घ्यायची नाही याचा होईल. आमच्या पिढीने बघितलंय की सुधारणेच्या नावाखाली दरवेळी आमच्याच घरात लोक येतात, कीर्तन करणाऱ्याला अडाणी समजतात, वारीला जाणाऱ्याला मागासलेला समजतात. त्यामुळे माणूस आधीच दार लावून घेतो, आत काय चुकीचं चाललंय हे बघायच्या आधी. हे चूक असेल पण असं होतं. २०१३ ला जादूटोणा कायद्याच्या वेळी आम्ही घाबरलोच होतो, वारी आणि कीर्तन यावर बंदी येणार असं आम्हाला सांगितलं होतं. शेवटी कायद्यात स्पष्ट लिहिलं की वारी, कीर्तन, प्रवचन, भजन याला हा कायदा लागू नाही, तेव्हा जीवात जीव आला.

आणि दुसरं, परंपरेत काही अर्थ असतो. दुःख झालं ते दिसायला हवं, गावाला कळायला हवं की या घरावर आघात झालाय. सगळंच पुसून टाकलं तर माणूस मेल्याची खूण काय राहणार?

---

ओवी_जात्यावरची

नामदेव_पायरी काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी कीर्तन करते, माझे वडीलही करायचे, त्यामुळे दार लावून घेण्याचं जे तुम्ही लिहिलंय ते मला तंतोतंत कळतं. बाहेरून कुणी बोट दाखवलं की आपण एकत्र होतो आणि मग आतल्या माणसाचं दुखणं आतच राहतं. म्हणूनच मला वाटतं हा विषय माळ घातलेल्या माणसांनीच काढायला हवा, आणि ताई तुम्ही तशाच आहात.

पण 'शास्त्रात आहे' या मुद्द्यावर मला बोलायचंय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अंत्यविधीचं सूक्त आहे, त्यात नवऱ्याच्या प्रेताजवळ बसलेल्या बाईला सांगितलंय की ऊठ, जिवंत माणसांच्या जगात परत ये. ती ऋचा मी कीर्तनात सांगते तेव्हा मंडपात एकदम शांतता होते. पराशर स्मृतीतल्या ज्या श्लोकात नवरा मेला, नाहीसा झाला, संन्यासी झाला तर बाईने दुसरा पती करावा असं आहे, त्याच श्लोकावर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालमध्ये अख्खा वाद उभा केला आणि १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा झाला. ते स्वतः संस्कृतचे पंडित होते. म्हणजे शास्त्र एकाच बाजूचं नाहीये.

तरीही फक्त शास्त्रावर विसंबू नका असं मी सांगेन, आणि त्याचं कारण आपल्याच पुण्यात घडलेलं आहे. १८७० मध्ये शंकराचार्यांसमोर जाहीर वाद झाला, विधवाविवाह शास्त्राला धरून आहे की नाही. सुधारकांच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडितांसारखा विद्वान होता. निकाल विरोधात गेला. श्लोकाला श्लोक काढणारा समोर नेहमीच सापडतो, आणि शेवटी पंचांची मतं मोजली जातात आणि पंच सगळे पुरुष. ज्या बायांबद्दल तो वाद चालला होता त्यातली एकही तिथे बोलायला नव्हती. हे वाचल्यापासून मी ठरवलंय की श्लोक सांगायचा तो घाबरलेल्या माणसाची भीती घालवायला, वाद जिंकायला नाही. तुमच्या गावातल्या बायका म्हणतात ना की काही वाईट झालं तर कुणाला बोलायचं, ही खरी भीती आहे, त्यांना कलम सांगून ती जाणार नाही, त्यांना कुणीतरी विश्वासाच्या माणसाने सांगायला हवं की देव यावर कोपत नाही.

काका, आता तुमच्या खुणेबद्दल. दुःखाची खूण असावी हे मला मान्य आहे. मग ती नवऱ्याच्या बाबतीत का नसते? बायको गेलेल्या पुरुषाचं काय काढून घेतो आपण? तेराव्यानंतर तो टोपी घालून पारावर बसतो, वर्षभरात स्थळं येतात, आणि पंढरीला गेला तर कुणी अडवत नाही. विठ्ठलाच्या दारात हा भेद नाही. आणि नव्हता असंही नाही बरं, पंढरपूरचं मंदिर सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हाही धर्म बुडेल असंच म्हणणारे होते. आज त्या रांगेत कोण कुठल्या जातीचा हे कुणी विचारत नाही आणि वारी दरवर्षी वाढतेच आहे.

ताई, महाराजांना ग्रामसभेत गाठू नका. आधी घरी जा. चारचौघांत त्यांनी एकदा नाही म्हटलं की त्यांना मागे फिरता येणार नाही.

---

मिरजेचा_सतारवाला

मी मुस्लिम आहे म्हणून 'आधी त्यांच्या लोकांचं बघा' या वाक्यावर मलाच लिहायला पाहिजे.

आमच्यात नवरा गेला की बाईने इद्दत पाळायची, चार महिने दहा दिवस, त्यानंतर ती लग्न करू शकते आणि त्यात काही कमीपणा मानत नाहीत, पैगंबर साहेबांची पहिली बायको खदीजा स्वतः विधवाच होत्या. म्हणजे पुस्तकात सगळं व्यवस्थित आहे. पण आमच्या मोहल्ल्यात विधवा बाईने इद्दत संपल्यावर रंगीत कपडा घातला तर बोलणाऱ्या बायका आहेतच, आणि लग्नाच्या हळदीला तिला मागे बसवणं हेही आहे, ते कुठल्या किताबातून आलं विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. इथल्या मातीतलं आहे ते, तुमचं आमचं एकच.

आणि आमच्याकडे वाद झाले तेव्हा काय ऐकायला मिळालं? आमच्यातल्याच समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम बायकांना घेऊन मोर्चा नेला, तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. सात बाया फक्त. त्यांना घरातल्या लोकांनी सांगितलं की तुम्ही दुसऱ्यांच्या हातात कोलीत देताय, आधी त्यांच्या हुंड्याचं बघा. पुढे २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तिहेरी तलाक रद्द केला ती केस पण बायकांनीच नेली होती आणि त्यांनाही तेच ऐकावं लागलं. शब्द तेच, फक्त 'ते' म्हणजे कोण एवढंच बदलतं. या भांडणात दोन्हीकडचे पुरुष एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि दोन्हीकडच्या बाया जिथे होत्या तिथेच.

ताई, तुमच्या गावात दोनचार मुस्लिम घरं असतील तर त्यांच्यातल्या बायकांनाही महिला सभेला बोलवा, ठरावात 'कोणत्याही धर्माच्या' असा शब्द घाला. एक तर तो मुद्दाच संपतो आणि दुसरं म्हणजे खरंच गरज आहे.

---

कोर्टाची_पायरी

वकील आहे, फक्त कायद्यापुरतं लिहिते.

तक्रारीची भीती बाळगू नका. धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, जुन्या भारतीय दंड संहितेतलं २९५अ आणि आता भारतीय न्याय संहितेत २९९, त्यात हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने धर्माचा अपमान केला पाहिजे. ग्रामसभेत शांतपणे ठराव मांडणं त्यात कुठेच बसत नाही. उलट संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्मस्वातंत्र्य देतानाच समाजसुधारणेसाठी कायदे करायची मुभा ठेवलीय आणि ५१क मध्ये स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या प्रथा सोडणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. हे ग्रामसभेत वाचून दाखवलं तरी चालेल पण मोठ्या आवाजात भाषण म्हणून नको.

दुसरं, ठरावाने कुणाला शिक्षा किंवा दंड करता येत नाही, तसं ठरावात लिहूच नका. 'जो करेल त्याचे दाखले बंद, रेशन बंद' असलं काही कुणी उत्साहात सुचवेल, ते बेकायदेशीर आहे, आणि वाळीत टाकण्याच्या दिशेने गेलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा तुमच्यावरच येईल, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बाईच्या इच्छेविरुद्ध तिला धरून काही केलं तर त्यासाठी फौजदारी कायदा आधीच आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहेच, बहुतेक गावात ती कागदावर होते. तुम्ही ती खरी घ्या. ठराव महिला सभेतून आला की ग्रामसभेत 'बायकांनाच नको आहे' असं म्हणता येत नाही, आणि बायकांना खरंच नको असेल तर ते तुम्हालाही तिथेच कळेल.

---

रिकामं_कपाळ

मी इथं फक्त वाचते, आज लिहितेय कारण सगळे आमच्याबद्दल बोलताय आणि आमच्यातलं कुणी अजून बोललं नाही.

मला विधवा होऊन बरीच वर्षं झाली. मी कुंकू लावत नाही, मंगळसूत्र घालत नाही. कुणी काढायला लावलं म्हणून सुरुवात झाली पण आता मला स्वतःलाच लावावंसं वाटत नाही, ते त्यांच्या नावाचं होतं, ते गेले. आमच्या गावात ठराव झाला तेव्हा ८ मार्चला सगळ्या विधवांना स्टेजवर बसवून कुंकू लावलं, फोटो काढले. माझ्या शेजारची बाई थरथरत होती, तिला नको होतं पण सरपंच, तहसीलदार सगळे उभे, नाही कसं म्हणणार. आधी पुसलं तेव्हा विचारलं नव्हतं आणि लावलं तेव्हाही विचारलं नाही. कृपा करून असला कार्यक्रम करू नका ताई. लावायचं का नाही ते तिचं तिला ठरवू द्या. एवढं एक वाक्य ठरावात असलं तरी पुष्कळ.

मला खरं कशाचं लागलं ते सांगते. माझ्या सख्ख्या मुलीच्या लग्नात मी तिची ओटी भरू शकले नाही. तिला वाढवलं मी, शिकवलं मी, कर्ज काढलं मी आणि मांडवात जाऊबाईंनी पुढं होऊन सगळं केलं, मी स्वयंपाकघरात उभी. कुणी मला जा म्हटलं नव्हतं, मीच गेले, कारण माझ्या पावलानं पोरीचं वाईट झालं तर ही भीती माझ्याच मनात होती. आजही आहे थोडी. नामदेव काका, तुम्ही खूण म्हणालात, त्या खुणेचा हा पुढचा भाग आहे, ती फक्त दुःखाची राहत नाही, ती अपशकुनाची होते आणि मग आयुष्यभर पुसता येत नाही.

आणि दुसरं, जमीन. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद लावायला मला दीरांच्या मागे फिरावं लागलं. 'तुला काय कमी करतोय का आम्ही' म्हणायचे. तलाठ्याकडं गेले तर ते म्हणायचे घरच्या पुरुषाला पाठवा. कुंकवाच्या ठरावाला टाळ्या वाजवणारे काहीजण त्यातच होते. निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे मिळतात पण फॉर्म भरायला कुणी मदत केली नाही, अंगणवाडीच्या ताईंनी केली. तुमच्या ठरावात वारस नोंद आणि निराधारचा फॉर्म हे दोन घाला. बाकी धर्माचं तुम्ही मोठी माणसं बोला, मला त्यातलं एवढंच कळतं की पांडुरंगाने मला कधी मागे बस म्हटलं नाही.

---

नामदेव_पायरी

ताई, तुमचं वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. अपशकुनाचा भाग आहे, मी नाही म्हणू शकत नाही, माझ्या स्वतःच्या घरात आई शेवटपर्यंत कुठल्या शुभकार्यात पुढे आली नाही आणि आम्हा भावंडांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

ग्रामसभेने सक्ती करावी हे मला आजही पटत नाही. पण तुम्ही जे एक वाक्य म्हणता, की तिचं तिने ठरवावं, त्याला माझा विरोध नाही. तसं असेल तर ते सक्तीच्या विरुद्धच आहे. माझ्या गावात कुणी आणलं तर मी हात वर करेन. फक्त ते आणताना वारकऱ्यांना चार शब्द सुनावू नका एवढीच विनंती.

---

घाटावरचा_इतिहासवाला

सगळ्यांचं वाचलं, एकच भर घालतो कारण 'आपल्यात पूर्वापार आहे' हा मुद्दा तुमच्याकडे नक्की येणार. माणदेशात ज्या जाती जास्त आहेत त्यातल्या बहुतेकांत विधवेचा पाट लावायची पद्धत होती. काही ठिकाणी मोहतूर म्हणतात. नवरा गेला तर तरुण बाई दुसरं घर करायची आणि त्याला जातीची मान्यता असायची. पुनर्विवाह बंदी आणि केशवपन हे मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्यासारखं वागू पाहणाऱ्या घरांतलं, नंतर ज्या घरांकडे पैसा आणि प्रतिष्ठा आली त्यांनी 'आमच्यात पाट लावत नाहीत' हे मोठेपणाचं लक्षण केलं. त्यामुळे गावातल्या ऐंशी पार केलेल्या माणसांना विचारा, तुमच्या आजीच्या पिढीत कुणाचा पाट लागला होता का. नावं निघतील. ज्याला परंपरा म्हणून जपतोय त्याच्या आधी दुसरी परंपरा होती हे घरातल्याच माणसाच्या तोंडून ऐकलं की लोकांना राग येत नाही.

आणि गावाच्या ठरावात ताकद असते, हे विसरू नका. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने बैठक घेऊन त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता, आईच्या घरीसुद्धा उतरायची चोरी. तेव्हा गावाने एकत्र येऊन एका बाईला आणि तिच्याशी लग्न करणाऱ्याला बाहेर काढलं. तेच एकत्र येणं तुम्ही आता तिला आत घ्यायला वापरताय.

---

माणदेशी_सून

सगळ्यांचे खूप आभार. रिकामं_कपाळ ताई, तुमचं मी प्रिंट काढून ठेवलंय, तुमची हरकत नसेल तर नाव गाव काहीही न सांगता महिला सभेत वाचून दाखवेन, नको असेल तर इथं फक्त 'नको' लिहा.

मधल्या दिवसांत काय झालं ते सांगते. महाराजांच्या घरी गेले, ठरावाचं काहीच बोलले नाही, त्या ऋचेबद्दल विचारलं फक्त. त्यांनी पुस्तक काढलं, बघितलं, मग गप्प बसले आणि म्हणाले मी विरोध करणार नाही पण पाठिंब्याचं भाषणही मागू नकोस. माझ्यासाठी तेवढं खूप आहे. जाताना काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, मला दारापर्यंत सोडायला येऊन विचारलं की महिला सभा किती वाजता आहे.

आमच्या आत्यासासूबाईंना पाटाबद्दल विचारलं, तर त्यांच्या सख्ख्या आजीचाच पाट लागलेला निघाला! घरात कुणालाच माहीत नव्हतं.

कच्चा मसुदा असा केलाय, कोर्टाची_पायरी मॅडम जरा तपासून द्या:

'कोणत्याही धर्माच्या वा जातीच्या स्त्रीच्या पतीचे निधन झाल्यावर तिच्या अंगावरील कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी वा अन्य काहीही तिच्या इच्छेविरुद्ध काढले जाणार नाही किंवा घालायला लावले जाणार नाही, ते तिचे तिने ठरवावे. गावातील हळदीकुंकू, लग्न, सप्ताह, पूजा यात तिला इतर स्त्रियांप्रमाणेच बोलावले जाईल. पतीच्या निधनानंतर वारस नोंदीचा अर्ज आणि पात्र असल्यास निराधार योजनेचा अर्ज भरून देण्यास ग्रामपंचायत तिला मदत करेल आणि त्यासाठी तिने पुरुष नातेवाईकाला सोबत आणण्याची गरज नाही.'

दंड, शिक्षा काही ठेवलं नाही. स्टेजवरचा कार्यक्रमही नाही. वारस नोंदीच्या अर्जाला किती दिवसांची मुदत लिहावी ते कळत नाहीये, कुणाच्या गावात तसं लिहिलं असेल तर शब्दरचना टाका. महिला सभा १३ तारखेला दुपारी तीनला ठेवलीय, भांगलणीची कामं त्या वेळी उरकलेली असतात.

---

कोर्टाची_पायरी

मसुदा चांगला आहे. 'पतीच्या निधनानंतर' च्या जागी 'मृत्यूची नोंद झाल्यापासून' करा, नोंद ग्रामपंचायतीतच होते त्यामुळे तारीख तुमच्याच रजिस्टरला असेल आणि अर्ज कधी भरून द्यायचा ते मोजता येईल. मुदत तीस दिवस लिहा. 'मदत करेल' हे मोघम आहे, कोण करेल त्याचं पद लिहा, नाहीतर कुणीच करणार नाही. आणि महिला सभेचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या, अंगठे घ्या, १५ तारखेपर्यंत थांबू नका.